शेफील्डचा चाकू आणि त्याचे शिकलगार

तळहातावर मावेल एवढा चाकू. मिटलेला असताना जेमतेम साडेतीन इंच. सांबराच्या शिंगाची खडबडीत मूठ, टोकाला पांढऱ्या धातूची टोपी आणि मुठीच्या पोटात दडलेले पोलादी पाते. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून ओढले की ते आधी थोडे अडते, मग 'टक्' असा आवाज करून सरळ होते. मिटवतानाही तसाच आवाज येतो. हौशी लोक या आवाजावरून चाकूची पारख करतात. जोडणी ढिली असेल तर आवाज बसका येतो आणि पाते डुगडुगते.

चाकू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला खटक्याचा रामपुरी येतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा पारंपरिक चाकू वेगळ्या जातीचा आहे. त्याला खटका नसतो आणि पाते अडकवून ठेवणारी कळही नसते. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, पात्याच्या बुडावर दाब देते. त्या दाबावरच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. फळ कापणे, दोरी तोडणे, पेन्सिलला टोक काढणे, कलमासाठी फांदी छाटणे अशा रोजच्या कामांसाठी तो बनलेला आहे. आपला 'चाकू' हा शब्द फारसी-तुर्कीतून आला. तुर्कस्तानात आजही 'चाकी' म्हणजे खिशातला घडीचा चाकूच.

अशा एका चाकूमागे मुख्यतः तीन हात असतात. एक जण पाते घडवतो, दुसरा ते दगडावर घासून धार काढतो आणि तिसरा पाते, स्प्रिंग व मूठ जोडतो. मधल्या माणसाला आपल्याकडे शिकलगार म्हणतात. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यावरून हे नाव पडले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे शिकलगार आडनावाची मुस्लिम घराणी आजही आहेत. शेफील्डच्या चाकूची कहाणी वाचताना या मधल्या माणसावर लक्ष ठेवायला हवे, कारण पात्यावर त्याचे नाव नसते.

पाच नद्यांचे गाव

शेफील्ड हे यॉर्कशरच्या दक्षिण भागातले डोंगराळ शहर. शीफ, डॉन, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन अशा पाच लहान-मोठ्या नद्या तिथे उतारावरून वाहत येतात. या पाण्यावर लोकांनी ठिकठिकाणी बांध घातले आणि पाणचक्क्या बसवल्या. अशा शंभराहून अधिक जागा तिथे होत्या. या चक्क्यांवर पीठ दळण्यापेक्षा पाती घासण्याचे काम जास्त चाले. घासण्यासाठी लागणारा वाळूचा कणखर दगड आसपासच्या डोंगरांतच मिळे. पोर्टर नदीवरचे 'शेफर्ड व्हील' हे असे जुने ठिकाण आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे आणि त्याचे चाक अजूनही पाण्यावर फिरते.

गावाचा लौकिक जुना आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी जेफ्री चॉसर याने 'कँटरबरी टेल्स'मध्ये एका गिरणीवाल्याचे वर्णन करताना त्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू असल्याचे सांगितले आहे. म्हणजे तेव्हाही गावाचे नाव घेतले की वाचणाऱ्याला माल कळत होता.

पाठीत स्प्रिंग असलेले घडीचे चाकू सतराव्या शतकापासून तिथे बनू लागले. बार्लो नावाच्या शेफील्डच्या घराण्यावरून ओळखला जाणारा साधा, मजबूत, एका टोकाला लांब लोखंडी टोपी असलेला 'बार्लो' चाकू याच परंपरेतला. तो पुढे अमेरिकेत इतका रुळला की मार्क ट्वेनच्या १८७६ च्या 'टॉम सॉयर' या कादंबरीत धर्मग्रंथातली वचने पाठ केल्याबद्दल टॉमला बक्षीस मिळतो तो बार्लो चाकूच.

खूण म्हणजे जबान

१६२४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून शेफील्ड परिसरातल्या कारागिरांची 'कटलर्स कंपनी' स्थापन केली. आजच्या अर्थाने ही व्यापारी कंपनी नव्हती. चाकू, विळे, कात्र्या बनवणाऱ्यांची ती जमात होती. उमेदवाराने उस्तादाकडे किती वर्षे शिकायचे, एकाने किती उमेदवार ठेवायचे, कोणता माल खोटा समजायचा, हे ती ठरवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक उस्तादाला ती एक खूण देई. ती खूण पात्याच्या बुडावर ठोकायची. दुसऱ्याची खूण वापरणे हा गुन्हा. लिहिता-वाचता न येणारे गिऱ्हाईकही चित्र पाहून माल ओळखे.

तारा आणि माल्टाचा क्रूस ही खूण १६८२ मध्ये नोंदली गेली आणि पुढे रॉजर्स घराण्याकडे आली. 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' या नावाने ती जगभर गेली. याच कारखान्याने १८२२ साली १८२२ पात्यांचा चाकू बनवला. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी बनवलेला ७५ पात्यांचा 'नॉरफोक चाकू' आज शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. हे चाकू अर्थातच कापण्यासाठी नव्हते. आमच्या हातात काय आहे ते बघा, एवढेच सांगण्यासाठी होते.

नाव झाले की नकलाही होतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेल्या काही चाकूंवर 'शेफील्ड' असा खोटा ठसा असे. शेफील्डच्या कारागिरांनी आवाज उठवला आणि अशा लबाडीला आळा घालण्यासाठी १८८७ चा व्यापारी खुणांचा कायदा झाला. यात आपल्याला नवे काही नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणारे आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावणारे प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या घरात लहान मुलांनाही माहीत असते. पात्याच्या बुडावरची ती इवलीशी खूण कारागिराची जबान होती. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचा चाकू आज कोणाच्या हाती आला तर तो आधी भिंग घेऊन खूण शोधतो.

मुशीतले पोलाद आणि मुंबईची पेटी

चाकूचा जीव पोलादात असतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेफील्डला मिळणारे पोलाद एकसारखे नसे; एकाच कांबीत कुठे कडक, कुठे मऊ. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी त्यामुळे त्रासला होता, कारण घड्याळाच्या स्प्रिंगा टिकत नसत. त्याने १७४० च्या दशकात मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत बसवली. त्या मुशींची माती कामगार अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत, कारण एक खडा राहिला तरी मूस भट्टीत फुटे. गंमत अशी की शेफील्डच्या चाकूवाल्यांनी आधी हे पोलाद नाकारले. घडवायला फार कडक आहे, ही त्यांची तक्रार. ते पोलाद फ्रान्सला गेले, तिथले चाकू सरस ठरू लागले, तेव्हा कुठे गाव जागे झाले.

बंद मुशीत पोलाद करण्याची कला मात्र हिंदुस्थानात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत बनणाऱ्या या पोलादाला इंग्रजांनी 'वूट्झ' म्हटले. अरब जगात त्याची कीर्ती एवढी की हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' असा शब्दच रूढ झाला. नवव्या शतकातले तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी खलिफा मुअतसिम यांच्यासाठी तलवारींच्या प्रकारांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. निजामाच्या मुलखातल्या, आज तेलंगणात असलेल्या कोनासमुद्रम गावी इराणी व्यापारी हे पोलाद नेण्यासाठी येत, असे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवासवर्णनात नोंदलेले आहे.

१७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. लंडनचे नामांकित चाकू-कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्यातून घडवून पाहिलेली वस्तू तलवार नव्हती. तो एक छोटा लेखणीचा चाकू होता. पोलाद त्यांना इतके आवडले की पुढे लोहाराचा मुलगा असलेले शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांच्याबरोबर त्यांनी वूट्झचे गुपित शोधण्यासाठी प्रयोग केले. ते प्रयोग १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. विजेच्या शोधांमुळे फॅरेडेंचे नाव आपली मुले शाळेत शिकतात. त्यांच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक आपल्याकडच्या पोलादावरचे होते, हेही त्यांना सांगायला हवे.

कलमतराश ते फळांचा चाकू

लेखणीचा चाकू हा काय प्रकार, असे कोणी विचारील. युरोपात पिसाच्या लेखणीने लिहीत. तिचे टोक सारखे झिजे, ते पुन्हा कापावे लागे. त्यासाठी बारीक पात्याचा चाकू जवळ लागे. आपल्या खुशनवीसांचा, म्हणजे सुलेखनकारांचा, कलमतराश हा त्याचाच भाऊ. बोरूची कलम ज्या चाकूने तासायची तो उस्ताद जिवापाड जपत. लोखंडी निब आल्या आणि लेखणी कापणे संपले, पण चाकूचे नाव इंग्रजीत तेच राहिले. खिशातल्या छोट्या चाकूला इंग्रज आजही 'पेननाइफ' म्हणतो.

कामाप्रमाणे पात्यांचे आकार ठरले. माळ्याचे पाते पोपटाच्या चोचीसारखे वाकडे, म्हणजे फांदी निसटत नाही. खलाशाच्या चाकूचे टोक बोथट आणि सोबत दोराच्या गाठी सोडवायला जाडसर आर. सरळ धारेचे, टोकाशी तिरपे उतरलेले 'लॅम्बफूट' पाते शेतकऱ्याला आणि कामगाराला आवडे. फळांसाठीच्या चाकूला चांदीचे पाते असे, कारण फळाच्या आंबट रसाने पोलाद काळे पडते आणि फळालाही चव येते. शेफील्डला १७७३ पासून चांदी तपासून छाप मारणारी कचेरी असल्याने अशा पात्यांवर चांदीचा छापही सापडतो.

मुठीसाठी जगभरातून माल येई. गाईचे शिंग, हाड, शिंपल्याचा मोती-रंगी थर, शिसवी, आणि हिंदुस्थानातून म्हशीचे व सांबराचे शिंग. सांबराची शिंगे दरवर्षी गळून पडतात. ती भरीव आणि खरखरीत असल्याने ओल्या हातातूनही चाकू निसटत नाही. भारताने पुढे या शिंगांची निर्यात बंद केली. हस्तिदंताच्या मुठीही एके काळी मानाच्या होत्या. त्यापायी किती हत्ती मारले गेले, ते आठवले की त्या मुठींची ऐट उरत नाही. ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने हस्तिदंताचा व्यापार जवळजवळ बंद केला.

धारेमागची धूळ

आता त्या मधल्या माणसाकडे येऊ. पाती घासणारा कामगार फिरत्या दगडाच्या मागे घोड्यावर बसल्यासारखा लाकडी बैठकीवर बसे आणि दगडावर वाकून पाते धरी. पाण्याने भिजवलेल्या दगडावर घासले तर धूळ कमी उडे. पण काटे-सुयांसारख्या वस्तू कोरड्या दगडावर घासत. दगडाची आणि पोलादाची बारीक धूळ श्वासातून थेट फुप्फुसात जाई. कधी दगडच तडकून फुटे आणि समोरचा माणूस जागीच जाई.

१८३० च्या सुमारास शेफील्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी या 'घासणाऱ्यांच्या दम्या'वर लिहिले. त्यांच्याच आधारे फ्रीडरिश एंगेल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले की कोरड्या दगडावरचे कामगार जेमतेम पस्तिशी गाठत आणि ओल्या दगडावरचे क्वचितच पंचेचाळीसच्या पुढे जात. धूळ ओढून घेण्याची साधने निघाली होती. पण काही ठिकाणी कामगारांनीच ती मोडून टाकली, असेही एंगेल्स सांगतात. धंदा सुरक्षित झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांना भीती होती. लवकर मरण हाच ज्यांच्या मजुरीचा आधार होता, त्यांची ही गोष्ट आहे. गिऱ्हाईक लखलखते पाते उलटून पाहत असे, तेव्हा त्या लखलखाटात यातले काही दिसत नसे.

बायकाही या धंद्यात होत्या. घासलेल्या मालाला चकाकी देणाऱ्या मुलींना 'बफर गर्ल्स' म्हणत. काळ्या चिकट धुळीपासून कपडे वाचावेत म्हणून त्या अंगाभोवती तपकिरी कागद गुंडाळत आणि डोक्याला रुमाल बांधत.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेफील्डच्या पोलाद कारखान्यांत माणसे कमी पडू लागली, तेव्हा येमेन आणि पाकिस्तानातून कामगार आले. हंट्समनने १७५१ मध्ये ज्या अॅटरक्लिफ भागात आपला कारखाना नेला, त्याच परिसरात दोनशे वर्षांनी येमेनी माणसे भट्ट्यांपुढे उभी होती. त्यांच्या वाट्याला आली ती उष्ण आणि जड कामे. धातूच्या गदारोळाने अनेकांचे कान कायमचे गेले. कारखाने बंद पडू लागले तेव्हा या समाजाने संघटित होऊन बहिरेपणाच्या भरपाईसाठी लढा दिला. शेफील्डच्या पोलादाच्या इतिहासात आपल्या दीनी भावांचेही हे एक पान आहे.

धुळीची गोष्ट इंग्लंडपुरती किंवा जुन्या काळापुरती नाही. गुजरातमधल्या खंबातचा अकीक आपण हौसेने अंगठीत घालतो. त्या खड्यांना पैलू पाडणाऱ्यांच्या फुप्फुसात हीच धूळ साठते आणि हाच आजार होतो. त्याला डॉक्टर सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, फक्त टाळता येतो.

छोटे उस्ताद

शेफील्डमध्ये मोठे कारखाने होते तसे 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद, शेकड्यांनी होते. एखाद्या इमारतीत खोली भाड्याने घ्यायची, दोन हातोड्या, एक ऐरण, कानशी मांडायच्या आणि आपल्या हिमतीवर चाकू जोडायचे. स्प्रिंग आणि पाते यांचा मेळ इतका नेमका लागे की पाते उघडे असो वा मिटलेले, मुठीच्या पाठीवरून बोट फिरवले तर सांधा हाताला लागू नये. हे मोजपट्टीने येत नाही, वर्षानुवर्षे हात बसावा लागतो.

१८९० मध्ये अमेरिकेने आयातीवर भारी जकात बसवली आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचा यंत्रावरचा माल स्वस्त पडू लागला. १९१३ मध्ये शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. भट्टीवरच्या कामगाराचा हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला होता. गावच्या चाकूवाल्यांनी त्याचीही आधी टर उडवली. पण स्टेनलेस स्टीलने जगाचे स्वयंपाकघर बदलले आणि दर आठवड्याला घासून-पुसून ठेवायच्या पोलादी चाकूची गरज कमी झाली. १९८० च्या दशकात जुनी रॉजर्स कंपनीही बंद पडली. नाव तेवढे दुसऱ्या शेफील्ड कंपनीकडे राहिले.

स्टॅन शॉ हे या छोट्या उस्तादांपैकी अखेरच्या नामवंतांमध्ये गणले जात. १९२६ चा जन्म, चौदाव्या-पंधराव्या वर्षी आयबरसन कंपनीत उमेदवारी, आणि नंतर नव्वदीपर्यंत हातात तेच काम. त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. २०१७ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. २०२१ मध्ये ते वारले. आज हाताने घडीचे चाकू जोडणारे शेफील्डमध्ये मोजकेच उरले आहेत आणि ब्रिटनमधल्या लोप पावत चाललेल्या हस्तकलांच्या यादीत या कामाची नोंद आहे. काही तरुण मात्र पुन्हा ही कला शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट.

मग आजही ओढ कशाची?

पहिली गोष्ट, हा चाकू दुरुस्त होतो. धार गेली तर लावता येते, खिळा झिजला तर बदलता येतो. दुसरी, तो कोणाला घाबरवत नाही. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यानेही तीन इंचांपर्यंत धारेचा, कळ नसलेला घडीचा चाकू जवळ ठेवायला मोकळीक दिली आहे. तिसरी, तो वापरणाऱ्याला शिस्त लावतो. साध्या पोलादाचे पाते फळ कापल्यावर धुऊन, कोरडे पुसून ठेवावे लागते आणि सांध्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा लागतो. हयगय केली की ते गंजते. नीट सांभाळले तर त्यावर निळसर-करडी छटा चढते आणि आजोबांचा चाकू नातवाच्या खिशात जातो. अर्थात मुलाच्या हाती देताना मोठ्याने शेजारी बसावे. धार अंगापासून दूर, मिटवताना बोटे पात्याच्या वाटेबाहेर, आणि दुसऱ्याला देताना मूठ पुढे.

लोखंडाच्या नावाची एक सूरहच आपल्या कुरआनात आहे. लोखंडात जबर ताकद आहे आणि लोकांसाठी फायदेही आहेत, असे ती सांगते. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि ते आपल्या हातच्या कमाईवर जगत. जनावर जिबह करण्याआधी सुरीला धार करा, त्याला त्रास होऊ देऊ नका, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. म्हणजे चांगली धार हा रहमतीचाही भाग आहे.

बकरीद जवळ आली की आपल्याही मोहल्ल्यात धार लावणारा येतो. खांद्यावर किंवा सायकलवर चाक, ठिणग्यांचा फवारा, आणि नाकातोंडावर बहुधा काहीच नाही. आपण त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण त्याच्यासाठीही आहे. या वर्षी सुऱ्या देताना त्याला पुरेपूर पैसे द्यावेत, सोबत एक चांगला मास्क द्यावा आणि त्याचे नावही विचारून घ्यावे.